मागच्या खोलीची बेल

रविवार, १८ ऑगस्ट
निपाणी

आली बाई एकदाची. अनगोळ ते निपाणी म्हणजे दीड तासाचा रस्ता, पण आमच्या गाडीने त्याला साडेचार तास घेतले आणि वाटेत ती दोनदा पाणी प्यायली. संकेश्वरजवळ रेडिएटरमधून वाफ निघायला लागली, तेव्हा एक ट्रकवाला मदतीला थांबला आणि ही बस कुठल्या शाळेची, असं विचारू लागला. मी म्हटलं, बस नव्हे, घर आहे. त्याने गाडीला एक फेरी मारली, खिडक्यांचे पडदे पाहिले, गॅसची शेगडी पाहिली आणि लई भारी हाय आक्का, पण पोचायची न्हाय, एवढं सांगून तो गेला. पोचलो.

गाडी सव्वीस वर्षांची आहे. अनगोळच्या हरिभाऊ वकिलांनी मिनीबसच्या सांगाड्यावर हे मोटारहोम हौसेने बांधून घेतलं होतं. पुढे चालकाची जागा, मध्ये ओटा आणि बेसिन, मागे दार असलेली छोटी खोली आणि तिच्यात पलंग. नवरा-बायको कोर्टाच्या सुट्टीत हिंडायचे. बायको विनोदिनीबाई जाऊन आठ वर्षं झाली आणि तेव्हापासून गाडी घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. विकायचं सगळं बोलणं त्यांच्या सुनेने, चिन्मयीने केलं. हरिभाऊ माडीवरच होते, खाली आले नाहीत. किल्ली देताना चिन्मयी म्हणाली, की बाबांना गाडी डोळ्यांसमोर नको असते आणि मोडीतही काढू देत नाहीत. म्हातारी माणसं अशीच दोन्हीकडून अडवतात.

वहीच्या पहिल्या पानावर नाव घालायची सवय शाळेपासूनची. तर मी समता, बेळगावच्या एका आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना शिकवते. दसऱ्यापर्यंत साठवलेली रजा घेतली आहे. माझी आई गंगव्वा, वय बहात्तर. अठ्ठावीस वर्षं तिने निपाणीच्या वखारींत तंबाखू निवडला आणि त्यावर मला आणि धाकट्या बुद्धप्रियला शिकवलं. तिला एकदा दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं आहे. आधी हजेरी बुडते म्हणून राहिलं, मग आमच्या परीक्षा म्हणून राहिलं. आता खुबा मोडल्यापासून तिला अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही आणि छातीही साथ देत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की पुढच्या दसऱ्याची वाट बघू नका. बुद्धप्रिय पुण्याहून सुचवतो, विमानाने ने. विमानात पलंग टाकतात का, हे त्याला विचारायचं राहिलं.

म्हणून ही गाडी. आईला झोपवून न्यायचं. बोरगाव रस्त्यावरची एक बंद पडलेली वखार भाड्याने मिळाली, तिथे गाडी आत उभी राहते आणि पुढच्या खोलीत आम्ही दोघी. राखणीला गुंडूअण्णा आहेत, आईबरोबर एकेकाळी वखारीत हमाली केलेले. आईने गाडी पाहिली, हात लावून पाहिली आणि तिला घरगाडी असं नाव देऊन टाकलं. फार दिवसांनी ती दोन भाकरी जेवली.

बुधवार, २१ ऑगस्ट

तीन दिवस गाडीखालीच आहे. पोरांना शिकवते तसे तीन रकाने आखलेत : तक्रार, कारण, उपाय. लक्षणावर औषध द्यायचं नाही, घोडं कुठं पेंड खातं ते शोधायचं.

फॅनबेल्टला भेगा होत्या, बदलला. रेडिएटरचा खालचा होज फुगलेला, बदलला. सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, कारण डिझेलच्या लाइनीत हवा शिरते. फिल्टरपाशी वॉशर झिजला होता. ब्रेकचे लायनिंग संपले आहेत. टपाच्या सांध्यातून पाणी मुरून मागच्या खोलीतलं प्लायवूड फुगलंय, ते कापून नवं बसवावं लागेल. या वयात एवढी दुखणी माणसालाही असतात. मला तर मजा येते आहे.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या सापडल्या. मागच्या पलंगाच्या उशाशी एक बेलचं बटण लोंबतं, आजारी माणसाच्या हाती देतात तसं. त्याची वायर चालकासमोरच्या छोट्या बझरपर्यंत जाते. ही वायर ओट्याखाली मधोमध कापलेली आहे. उंदराने कुरतडलेली नाही, गंजलेली नाही. कटरने एका घावात कापून दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळली आहे. दुसरं म्हणजे मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी होती, ती काढून चारही भोकं पुट्टीने भरून रंगवली आहेत. काम करणाऱ्याने जीव ओतलाय.

पोरांना मी सांगते, की आधीच्या मेकॅनिकला शिव्या द्यायच्या नाहीत, पण त्याच्यावर विश्वासही ठेवायचा नाही. जुगाड दिसला की उचकटायचा आणि मुळात होतं तसं करायचं.

सोमवार, २६ ऑगस्ट

बेलची वायर जोडली. डाख देऊन, वर नळी चढवून, पक्की. आईला पलंगावर झोपवलं आणि मी चालकाच्या जागेवर जाऊन बसले. तिने बटण दाबलं. पुढे चांगला खणखणीत आवाज आला. मग तिने वीस वेळा दाबून पाहिलं. मी मागे जाऊन विचारलं, काय पाहिजे, तर म्हणाली, की कायबी न्हाय गं, हाक मारल्यावर कुणी येतंय का बघत हुते. आयुष्यभर मुकादमाच्या हाकेला धावली, आता तिची पाळी.

कडीही तिनेच मागितली. खोलीत तिचा कमोड ठेवणार आहे आणि गाडी हलली की दार उघडतं. तशात रस्त्यावरच्या सिग्नलला माझी अब्रू काढशील, असं म्हणाली. पितळी कडी आणली आणि बसवली.

रविवार, १ सप्टेंबर

पहिली फेरी. आईला मागे झोपवून बोरगावपर्यंत जाऊन आलो. इंजिनाचा आवाज आता कानाला गोड लागतो. ब्रेक धरतात.

जाताना तीनदा बेल वाजली. पहिल्यांदा थांबून मागे गेले तर आई गाढ झोपलेली. वाटलं, कुशीवर वळताना बटण दाबलं गेलं असेल. दुसऱ्यांदा ती जागी होती आणि मीच का थांबले म्हणून विचारत होती. तिसऱ्यांदा मी तिला विचारलंच, की हात कुठे होते. दोन्ही हातांनी खिडकीची कड धरून ती ऊस बघत होती.

म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला घासते आहे. खड्ड्यात गाडी आदळली की दोन तारा टेकतात. सोपं आहे. उद्या मल्टिमीटर लावून पूर्ण लाइन तपासते.

रविवार, ८ सप्टेंबर

सोपं नाही. लाइन स्वच्छ आहे. तरीही वायर नवी घातली, वेगळ्या वाटेने, नळीतून. बटण नवं. बझरही नवा. गाडी उभी असतानाही बेल वाजते. दिवसातून दोनदा, तीनदा. एकदा मी बॅटरीची तार काढून अर्धा तास झाला होता तेव्हा वाजली.

वीज नसताना बझर वाजत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. बझरच्या आत विजेचा थोडा साठा राहतो का? राहतो, क्षणभर. अर्धा तास नाही.

आणि पाणी. चार दिवस आईला खोकला वाढला म्हणून गाडीत कुणीच गेलं नाही, कुलूप होतं. स्वच्छ पाण्याची टाकी मी शंभर लिटर भरली होती. आज काटा सत्तरवर. गाडीखाली जमीन खडखडीत कोरडी. मग वापरलेल्या पाण्याची टाकी उघडली. ती मी रिकामी करून धुतली होती. तिच्यात तीस लिटर पाणी होतं, फेसाळ, चंदनाच्या साबणाचा वास येणारं. आमच्या घरात चंदनाचा साबण नाही. गळती असती तर पाणी खाली गेलं असतं. हे कुणीतरी वापरलं आहे.

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं माझं चाललंय का? तक्रारीचा रकाना भरला. पुढचे दोन रिकामे ठेवले. माझ्या वहीत असं कधी झालं नव्हतं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात आईला थोडं सांगितलं, थोडं लपवलं. तिनेच तोड काढली. म्हणाली, की आपण खूण ठरवू. मी मारली तर दोन आखूड, एक लांब. दुसरं काय वाजलं तर तू गाडी हाणत ऱ्हा. म्हातारीचं डोकं अजून माझ्यापेक्षा चालतं.

पाच दिवस हे चाललं. ती दुसरी बेल नेहमी एकच लांब वाजायची, कुणी बटणावरून बोट काढत नसल्यासारखी. ती वाजली की मी लक्ष देत नसे. आज दुपारी मी आणि आई वखारीच्या दारात लसूण सोलत बसलो होतो. गाडी आत, कुलूपबंद. आतून बेल आली. दोन आखूड, एक लांब.

आईचा हात थांबला. मग तिने पुढची पाकळी उचलली.

रविवार, २२ सप्टेंबर

आईला अधूनमधून पुढे बसून रस्ता बघायचा आहे. दहा मिनिटं बसवतं तिला. पण चालकाच्या शेजारी सीटच नाही, तिथे एक पत्र्याची पेटी ठोकलेली आहे. पेटी काढली तर खाली सीटचे मूळचे बोल्ट निघाले, कापलेले. भंगारबाजारातून एक चांगली सीट आणून काल बसवली. आई बसली, पट्टा लावून घेतला आणि रुबाबात होय चला म्हणाली.

आज सकाळी गुंडूअण्णांनी विचारलं, की तुमच्याकडं पाव्हण्या कोण आल्यात. कुणी नाही म्हटलं. ते म्हणाले, की मग गाडीत पुढं बसलेल्या त्या बाई कोण, गोऱ्या, चष्मा लावलेल्या. मी हात केला तर त्यांनी बी केला, असं सांगून गेले. मी सीटपाशी जाऊन पाहिलं. पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवर, खटका बसवून.

गुंडूअण्णा संध्याकाळी राखणीला आले नाहीत. मला आता भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटलं नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

अनगोळला जाऊन आले. चिन्मयी नको नको म्हणत होती, मी सरळ माडीवर गेले. हरिभाऊ चौऱ्याऐंशीचे आहेत, खुर्चीत बसलेले, स्वच्छ सदरा, हात कापतात. मी गाडीचं नाव काढायच्या आत त्यांनी विचारलं, की बेल जोडलीत का. जोडली. कडी? बसवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग सांगितलं. विनोदिनीबाईंच्या कमरेखालचा भाग तीन वर्षं लुळा होता, तरी त्यांना हिंडायची हौस. हरिभाऊ त्यांना मागे झोपवून न्यायचे. त्या बेल मारायच्या, पाणी हवं, उशी सरकली, हे कुठलं गाव, डोंगर आले का. आणि रोज एकच मागणं, मला पुढे घ्या, मला रस्ता बघू द्या. उचलून आणायचं, बांधून बसवायचं, हे हरिभाऊंच्या जिवावर यायचं. उद्या बघू, असं म्हणायचे. एका दुपारी आंबोली घाटात बेल पाऊण तास वाजत होती. ते थांबले नाहीत. घाटात थांबायला जागा नव्हती हे खरं, पण मी वैतागलो होतो हेही खरं, असं ते म्हणाले. खाली येऊन दार उघडलं तर बाई गेलेल्या. बटण मुठीत.

त्यानंतर बेल थांबली नाही. दार आतून आपोआप लागायला लागलं, म्हणून कडी काढली. बेलची वायर तोडली. शेवटी पुढची सीट कापून काढली, कारण एकदा त्यांनी बायकोला तिथे पाहिलं. मी सीट बसवली, हे सांगितल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, की मागची जागा रिकामी टाकून ती उठायची नाही, फार शिस्तीची होती. तिथे कुणालाही झोपवू नका.

मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. मनात अपराध घेऊन आठ वर्षं बसलेला माणूस, त्याला बेल ऐकू येणारच. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला हेच सांगत होते. पण बेल मलाही ऐकू येते आणि मी विनोदिनीबाईंना कधी पाहिलेलंही नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

जायचं की नाही? चार दिवस हाच प्रश्न. दुसरी गाडी मिळत नाही. रुग्णवाहिकेवाला आठशे किलोमीटर नको म्हणतो. आईला काल सगळं खरं सांगितलं. ती भ्याली नाही. म्हणाली, की आपल्यात भूतबीत मानत न्हाईत, आणि असलीच बाई तर बिचारी काय मागतीया, रस्ता बघाय मागतीया. बघू दे की. मी सीट काढायला पाना घेतला होता, तो तिने खाली ठेवायला लावला. नागपूर आलं की मला पुढं बसूनच बघायचंय.

आणि मी पोरांना काय सांगू? तक्रारीला कारण असतंच, हे वीस वर्षं फळ्यावर लिहून आता आईला म्हणू, की बेलला भिऊन तुझी दीक्षाभूमी राहिली?

पण मीही जुगाड केलाच. बेलची वायर कापली. दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप. ओट्याखाली जिथे हरिभाऊंनी कापली होती, त्याच जागी. आई आता मोबाईलवरून मला मिस्ड कॉल देणार. मोबाईल वाजला तर आई, बेल वाजली तर आई नाही. यात चूक व्हायला जागाच ठेवलेली नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर
सोलापूरच्या पुढे

निघालो. इचलकरंजी, मिरज, सोलापूर. इंजिन उत्तम. आईने दोन मिस्ड कॉल दिले, एक पाण्यासाठी, एक उगाच. बेल अकरा वेळा वाजली. तोडलेली बेल. मी थांबले नाही. स्टिअरिंग घट्ट धरून चालवत राहिले.

दुपारी आई दहा मिनिटं पुढे बसली. मग दमली. तिला मागे नेऊन झोपवताना ती त्या रिकाम्या खोलीकडे बघून म्हणाली, की बाई, तुला बी बसायचं असंल तर बस जा, मी हाय की हितं. मला ते आवडलं नाही. मी तिला रागावले. ती म्हणाली, की इतकी वरसं पडून काढलेल्या बाईला एवढं म्हणायला काय जातंय.

गुरुवार, १० ऑक्टोबर
सकाळी साडेनऊ

तुळजापूर गेलं. चहाला थांबलो. मागच्या खोलीतलं चार्जिंगचं सॉकेट बंद पडलंय, आईचा मोबाईल पुढे लावला आहे. आजची रात्र नांदेडला. परवा दसरा. आईने आज पांढरी साडी नेसायची ठरवली होती, मी म्हटलं परवा नेस. बेल सकाळपासून गप्प आहे. पहिल्यांदाच.

दुपारी एक

औशाच्या अलीकडे. रस्त्याकडेला बाभळीखाली थांबले आहे.

बेल वाजत होती. पाऊण तास. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. मी थांबले नाही. वायर तोडलेली आहे, आईचं बटण कशालाही जोडलेलं नाही, म्हणजे ही आई नाही. असं मी मोठ्याने म्हणत होते, वर्गात म्हणते तसं. मोबाईल वाजला की थांबायचं. मोबाईल वाजला नाही.

मग बघितलं. मोबाईल माझ्यासमोर होता. चार्जिंगला. मीच लावलेला.

धावत मागे गेले. दार उघडं. आई पलंगावर उठून बसलेली, पाय खाली सोडून. केस नीट विंचरलेले. बरी आहे. बरी आहे. मला बघून हसली आणि पुढे बसते म्हणाली. उठली. काठी न घेता उठली, काठी तिथेच —

दीड वाजला

पुढे बसली आहे. अर्धा तास होत आला. दुखत नाही म्हणते. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू. आईला असं ताठ बसलेलं खुबा मोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग ती म्हणाली, की गाडी फार सुरेख ठेवली आहे तुम्ही.

तुम्ही.

मी औषधाचं विचारलं. अहो, आता कशाला ते, असं म्हणाली. आईच्या तोंडाने, आईच्या आवाजात. रस्ता बघते आहे. डोळे भरून बघते आहे. एवढ्या वेळात एकदाही खोकली नाही. माझी आई अठ्ठावीस वर्षं तंबाखूची धूळ प्यायलेली — एकदाही नाही —

पावणेदोन

बेल.

ती शेजारी आहे. दोन्ही हात मांडीवर. मी हातांकडेच बघते आहे. मागे कुणी नाही. दोन आखूड, एक लांब.

ती म्हणते, जुनीच तक्रार आहे, लक्ष देऊ नका, चला आता.

हेच मी. पाऊण तास. मी ऐकत होते आणि हेच मी स्वतःला —

आई बोलावत होती. आईच होती.

—

मागे आले. तिला पुढे पट्टा लावून ठेवलंय. गाडीची किल्ली माझ्या खिशात.

मागच्या खोलीचं दार बंद. आतून कडी. मी उघडं टाकून गेले होते. कान लावला. खोकला. ओला, लांब, शेवटी शीळ वाजणारा. हा खोकला मला हजार माणसांत ओळखू येतो.

हाक मारली. तिने ओ दिली. समे म्हणाली.

बिजागऱ्या बाहेरून आहेत. सहा स्क्रू. पेचकस घेतला. वही मांडीवर आहे, का लिहिते कळत नाही, लिहिलं नाही तर ओरडेन.

एक निघाला. दोन.

आई आतून सांगते आहे, की पोरी, दार काढू नगंस. आत यिऊ नगंस. हितं एकालाच जागा हाय, तू आलीस तर तूच अडकशील. मीच म्हणलं हुतं तिला बस म्हणून. तू जा.

तीन. चौथा गंजलाय.

नागपूरला जा म्हणते. माझ्या वाटणीचं बघून ये म्हणते.

इंजिन सुरू झालं. किल्ली खिशातच आहे, हात घालून पाहिली. गाडी हलली.

चार. आई रडते आहे, नगं म्हणते आहे. मी ऐकत नाही. पाऊण तास तुझं ऐकलं नाही आई, आता तर मुळीच —

पाच.

थांब, आले. आले गं. हा शेवटचा. फिरतोय. दार सैल झालं, आतून कुणीतरी हाताने दाबून धरलंय, आईच आहे, ती मला आत येऊ —